भरंवशाचा निरोप्या कोण?

१८७९ सालीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, तेव्हांपासून आपल्या सुशिक्षित घरांनीं एक साधा विवेक अंगीं बाणविला. 'सर्व खुशाल आहे, गुरुवारच्या गाडीनें येतों', एवढेंच लिहावयाचें असेल तर कार्ड पुरे. मुलीच्या लग्नाचीं बोलणीं, भावाभावांतील वांटणी किंवा घरांतील आजारपण लिहावयाचें असेल तर पाकीटच हवें. कार्ड हें टपालवाल्यापासून ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्यापर्यंत कोणीहि वाचूं शकतो, हें आपल्या आजीलाहि ठाऊक होतें. पाकीट वाटेंत फोडलें जाऊं शकतें, हेंहि ती जाणून होती. पण फोडणारा चोरी करतो आहे, याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें.

सांप्रत कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर इकडच्या एकत्र कुटुंबांत घरगुती पत्र क्वचित् येतें. मोबाईल मात्र चार-पांच तरी असतात. ज्या गोष्टी पूर्वीं पाकिटांतहि लिहितांना हात कांपत असे, त्या आतां आपण त्या कांचेच्या तुकड्यास बिनदिक्कत विचारतों. छातींत लागलेल्या गांठीचा अर्थ काय, कर्ज थकल्यास घर जातें काय, पतीनें टाकल्यास पोटगी मिळते काय, असे ते प्रश्न असतात. ते कार्डावर लिहिले जातात कीं पाकिटांत, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. ही उणीव हेरून दोन प्रकारचे लोक आपल्या दारीं आले आहेत. एक म्हणतात, 'आमचें व्हीपीएन घ्या, म्हणजे तुम्हांस कोणी पाहूं शकणार नाहीं.' दुसरे म्हणतात, 'आमचा ब्राउझर वापरा, तुमचा खाजगीपणा आमच्या हातीं सुरक्षित आहे.' या दोघांच्या शब्दावर भरंवसा किती ठेवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ज्या साधनांतून आपण इंटरनेटवरील पानें उघडतों त्यास ब्राउझर म्हणतात. क्रोम, सफारी, फायरफॉक्स हीं त्यांतील परिचित नांवें. कर्जतच्या एखाद्या घरांतून कोणीं रुग्णालयाचें किंवा बँकेचें पान उघडलें, तर ती मागणी प्रथम इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या हातीं जाते, आणि तेथून पुढें जगांत जेथें तें पान सांठविलेलें असेल तेथें पोंचते. पूर्वीं हा व्यवहार बहुतांशीं पोस्टकार्डावर चाले. गेल्या दहा वर्षांत त्यांत मोठी सुधारणा झाली. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' हीं अक्षरें असतात, तें मजकूर कुलूपबंद करून पाठवितें. २०१५ सालीं 'लेट्स एन्क्रिप्ट' नांवाच्या लोकसेवी उपक्रमानें हें कुलूप फुकट वाटण्यास आरंभ केला, आणि हळूं हळूं तें जवळजवळ सार्वत्रिक झालें. आज इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस पाकिटावरचें नांव सहसा दिसतें. म्हणजे आपण कोणत्या संकेतस्थळाकडे, किती वाजतां, किती वेळ गेलों हें तिला कळतें. आंतील पत्र तिला वाचतां येत नाहीं. 'स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर बसलांत, कीं चोर तुमचा बँकेचा परवलीचा शब्द वाचणारच', ही जाहिरातींतील भीति त्यामुळें आतां बरीचशी शिळी झाली आहे.

व्हीपीएन काय करतें? तें हें पाकीट दुसऱ्या पाकिटांत घालतें. बाहेरच्या पाकिटावर पत्ता असतो व्हीपीएन कंपनीचा. म्हणून इंटरनेट पुरविणाऱ्यास एवढेंच कळतें कीं, हा गृहस्थ त्या कंपनीशीं बोलत आहे. परंतु त्या कंपनीच्या दारांत बाहेरचें पाकीट फोडलें जातें, आंतला पत्ता वाचला जातो, आणि मग पत्र पुढें जातें. जें आतांपर्यंत मुंबईंत धंदा करणाऱ्या एका कंपनीस दिसत होतें, तें आतां पनामांत नोंदलेल्या नॉर्डव्हीपीएनला किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांत नोंदलेल्या एक्सप्रेसव्हीपीएनला दिसूं लागतें. पाहणारा कायम राहिला. त्याचें नांव व गांव तेवढें बदललें. निरोप्या बदलणें हें पुष्कळदां शहाणपणाचें असतें. परंतु नवा निरोप्या जुन्याहून अधिक सचोटीचा आहे, हें आधीं ठरवावयास हवें.

हे नवे निरोपे कसे निघाले, तें पाहूं. फेसबुक कंपनीनें २०१३ सालीं 'ओनाव्हो' नांवाची कंपनी विकत घेतली. तिचें व्हीपीएन लोकांस फुकट मिळे, आणि 'तुमची माहिती सुरक्षित ठेवा' असें सांगून तें पुढें केलें जाई. प्रत्यक्षांत लोक कोणतें ॲप किती वेळ वापरतात, याची टिपणें त्यांतून फेसबुकच्या धंद्यासाठीं घेतलीं जात. २०१८ सालीं ॲपलच्या दुकानांतून तें काढावें लागलें, २०१९ सालीं तें बंद झालें, आणि जुलै २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें फेसबुकच्या दोन पोटकंपन्यांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. हाँगकाँगचें 'यूएफओ व्हीपीएन' आपण गिऱ्हाइकांची कोणतीहि नोंद ठेवीत नाहीं अशी ग्वाही देत असे. जुलै २०२० मध्यें त्याच नोंदींचा प्रचंड सांठा इंटरनेटवर उघडा पडलेला सांपडला. 'प्युअरव्हीपीएन'नेंहि अशीच ग्वाही दिली होती. २०१७ सालीं अमेरिकेंतील एका प्रकरणांत त्याच्याच नोंदींवरून, एका स्त्रीचा सतत पिच्छा पुरविणारा इसम पकडला गेला. गुन्हेगार सांपडला हें उत्तमच झालें. परंतु ग्वाही खोटी होती, हेंहि त्याबरोबर सिद्ध झालें.

कौटिलीय अर्थशास्त्राचा अभ्यास ज्यांनीं केला असेल, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या शामशास्त्र्यांच्या हातीं आलेला आणि पुढें मुंबई विद्यापीठाकरितां प्रा. र. पं. कंगले यांनीं साक्षेपानें संपादिलेला हा ग्रंथ. हेर कोणकोणत्या वेषांत नेमावे, याचा विचार त्यांत केलेला आहे. कोणी शिष्याच्या वेषांत, कोणी शेतकरी गृहस्थाच्या, कोणी व्यापाऱ्याच्या, कोणी तापसाच्या. तापसाविषयींची सूचना मार्मिक आहे. त्यानें नगराजवळ बिऱ्हाड करावें, लोकांदेखत महिन्या-दोन महिन्यांनीं मूठभर जव किंवा भाजीपाला खावा, आणि एकांतांत मात्र हवें तें जेवावें. जो आपल्यापाशीं कांहींच मागत नाहीं, त्याच्यापुढें मनुष्य मन मोकळें करतो, हा मनुष्यस्वभाव ग्रंथकारानें बरोबर ओळखला होता. फुकट व्हीपीएन हें पुष्कळदां अशाच तापसाचें रूप असतें. यंत्रांस वीज लागते, जागा लागते, माणसांस पगार लागतो. हा खर्च गिऱ्हाईक देत नसेल तर दुसरा कोणी तरी देतो, आणि तो धर्मार्थ देत असण्याचा संभव थोडाच.

तथापि सर्वांस एका मापानें मोजणें हा अन्याय होईल. स्वीडनमधील 'मुलव्हाड' या कंपनीच्या गोथेनबर्ग येथील कचेरींत एप्रिल २०२३ मध्यें पोलीस झडतीचें वॉरंट घेऊन आले. ही कंपनी गिऱ्हाइकाचें नांव विचारीत नाहीं; एक क्रमांक देते, आणि कोणीं पाकिटांत रोख पैसे घालून पाठविले तरी स्वीकारते. जी माहिती पोलिसांस हवी होती ती तिच्यापाशीं नव्हतीच, व पोलीस रिकाम्या हातीं परत गेले. नुसत्या वचनापेक्षां असा प्रसंग अधिक बोलका असतो. ज्याच्या हातीं रहस्य नाहीं, त्याला तें सांगतां येत नाहीं.

आतां आपल्या घरचें उदाहरण. २८ एप्रिल २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संगणक-सुरक्षेच्या संस्थेनें हुकूम काढला. व्हीपीएन पुरविणाऱ्यांनीं गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, दूरध्वनि क्रमांक, त्यांस दिलेले इंटरनेटवरील पत्ते व सेवा घेण्याचें कारण, हें सर्व निदान पांच वर्षें जपून ठेवावें. गिऱ्हाईक सोडून गेलें तरीहि ठेवावें, असा त्याचा आशय होता. कंपन्यांच्या अंतर्गत कामासाठीं असलेलीं व्हीपीएनें यांतून वगळण्यांत आलीं. मुंबईसारख्या शहरीं यंत्रें ठेवून धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं हा हुकूम मानण्यापेक्षां निघून जाणें पसंत केलें. जून २०२२ मध्यें एक्सप्रेसव्हीपीएननें भारतांतील आपलीं यंत्रें काढून घेतलीं, आणि सिंगापूर व इंग्लंड येथें बसविलेल्या यंत्रांवरून भारतीय पत्ता देण्याची सोय केली. सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनींहि आपलीं येथील यंत्रें बंद केलीं. ज्यांस नियम मान्य नसतील त्यांनीं जावें, असें त्या वेळचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनीं स्पष्ट सांगितलें होतें. अंमलबजावणीची मुदत सप्टेंबर २०२२ पर्यंत वाढली; हुकूम मात्र मागें घेतला गेला नाहीं.

येथें दोन्ही बाजूंस कांहीं सत्य आहे. ज्या पेन्शनराची आयुष्याची पुंजी एका दूरध्वनीनें लुबाडली गेली, त्यास विचारा. चोराचा माग लागावा, नोंदी असाव्या, असेंच तो म्हणेल, आणि त्याचें म्हणणें रास्त आहे. उलटपक्षीं, एका चोरासाठीं हजार निरपराध्यांचीं नांवें-पत्ते पांच वर्षें सांठवून ठेवणें म्हणजे दुसऱ्या चोरासाठीं तिजोरी भरून ठेवणें होय, हेंहि खोटें नाहीं. आपणांस त्यांतून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. जी कंपनी येथें राहून नियम पाळते, तिच्यापाशीं आपली नोंद आहे असें धरून चालावें. जी निघून गेली, ती येथील हुकुमाच्या आवांक्याबाहेर गेली खरी. पण उद्यां तिनेंच दगा दिला, तर आपली फिर्यादहि तिच्यापर्यंत पोंचणें कठीण. इंटरनेट आकाशांत तरंगतें असें आपणांस वाटतें. वास्तविक तें जमिनीवरच्या इमारतींत नांदतें. खालापूरला लागून असलेल्या आपल्याच जिल्ह्यांतील पनवेल तालुक्यांत 'योट्टा' कंपनीचें प्रचंड माहितीगृह जुलै २०२० मध्यें सुरू झालें. तेथें मोठमोठ्या यंत्रांचीं कपाटें उभीं आहेत. अशा प्रत्येक इमारतीस एक मालक असतो, आणि ती ज्या भूमीवर उभी आहे तिचा कायदा तिला लागू असतो. आपलें रहस्य कोणत्या इमारतींत ठेवावें, एवढीच निवड आपल्या हातीं आहे.

कायद्याचा आधार आपणांस अगदींच नाहीं असें नव्हे. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या प्रकरणांत २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. मराठी वाचकांस त्यांतील एक गोष्ट विशेष हृद्य वाटेल. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलें. आणि त्यांत, आणीबाणींतील १९७६ च्या ज्या निकालास त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनीं संमति दिली होती, तो निकाल पुत्रानें चुकीचा ठरविला. नागपूरचे न्या. शरद बोबडे यांचेंहि स्वतंत्र निकालपत्र त्यांत आहे. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाच्या, अशी त्यांत योजना आहे. दंडाची मर्यादा अडीचशें कोटि रुपयांपर्यंत आहे. सरकारी खात्यांस मात्र त्यांत मोठी सवलत ठेवलेली आहे. तात्पर्य, हक्क मान्य झाला, पण त्याचें कवच अजून घडत आहे.

व्हीपीएनपेक्षांहि अधिक विचार करावा तो ब्राउझरचा. व्हीपीएन हा वाटेवरचा निरोप्या. ब्राउझर हा आपल्या मेजाशीं बसून पत्र उघडणारा व वाचून दाखविणारा कारकून. त्याला पाकिटावरचा पत्ताहि दिसतो आणि आंतला मजकूरहि. म्हणून तो कोणाचें मीठ खातो, हें पाहणें अगत्याचें. क्रोम हा गूगलचा. आणि गूगलची मुख्य मिळकत जाहिरातींची. फायरफॉक्स बनविणारी मोझिला संस्था लोकहितासाठीं स्थापन झालेली. परंतु शोधासाठीं गूगलच पुढें ठेवावें म्हणून गूगल जे पैसे देतें, त्यावर तिचें बहुतेक उत्पन्न अवलंबून आहे. सफारी बनविणाऱ्या ॲपलला याच कारणासाठीं गूगलनें २०२२ या एका वर्षीं २० अब्ज डॉलर दिले, हें अमेरिकेंतील मक्तेदारीच्या खटल्यांत उघड झालें. तीन कारकून, तिघांच्या ताटांत एकाच घरचें अन्न!

याचा परिणाम वर्तनांत दिसतो. एका संकेतस्थळावर गेलें असतां तिसऱ्याच कोणी आपल्या खिशांत खुणेची चिठ्ठी टाकावी, आणि ती पाहून पुढच्या प्रत्येक दुकानांत आपणांस ओळखावें, अशी एक युक्ति आहे. तिला परकी कुकी म्हणतात. ही पद्धति क्रोममधून दोन वर्षांत बंद करूं, असें गूगलनें जानेवारी २०२० मध्यें जाहीर केलें. मुदती वाढत गेल्या, आणि अखेर तो बेत सोडून देण्यांत आला. सफारीनें मात्र २०२० पासून या चिठ्ठ्या आपण होऊन अडविल्या आहेत, आणि फायरफॉक्सनें माग काढणाऱ्या ज्ञात चिठ्ठ्या २०१९ पासून. त्याच मोझिलानें फेब्रुवारी २०२५ मध्यें 'आम्ही तुमची माहिती कधींहि विकणार नाहीं' हें वचन आपल्या पानावरून काढलें. विक्री या शब्दाची कायद्यांतील व्याख्या फार व्यापक आहे, असा खुलासा तिनें केला. खुलासा खराहि असेल; परंतु गाळलेलें वचन वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आपल्या देशांत एके काळीं स्वस्त मोबाईलवर अलीबाबा कंपनीचा 'यूसी ब्राउझर' अतिशय लोकप्रिय होता. टोरोंटो विद्यापीठाच्या 'सिटिझन लॅब'नें मे २०१५ मध्यें दाखवून दिलें कीं, त्याच्या इंग्रजी आवृत्तींतून शोधलेले शब्द उघड्यावर जात, आणि चिनी आवृत्तींतून तर फोनची ओळख व ठिकाणहि. पुढें २९ जून २०२० रोजीं ५९ चिनी ॲपांबरोबर त्यावर भारतांत बंदी आली. रक्षणाचा आव आणणाऱ्याची कथा तर त्याहून विलक्षण. 'अवास्ट' ही विषाणूंपासून संगणक राखणारी कंपनी. तिनें आपल्याच गिऱ्हाइकांच्या वाचनाची माहिती 'जंपशॉट' या पोटकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानें २०२४ सालीं तिच्यावर १ कोटि ६५ लक्ष डॉलरचा भुर्दंड बसविला.

आतां घरांतील गोष्ट, आणि माझ्या मतें तीच सर्वांत महत्त्वाची. ब्राउझरमध्यें 'इन्कॉग्निटो' किंवा 'खाजगी खिडकी' म्हणून एक सोय असते. तींत पाहिलेल्या पानांची आठवण त्या फोनमध्यें रहात नाहीं. संकेतस्थळास, इंटरनेट पुरविणाऱ्यास किंवा खुद्द गूगलला दिसावयाचें तें दिसतच राहतें. लोकांचा समज निराळा होता. २०२० सालीं त्याविषयीं अमेरिकेंत खटला झाला, आणि एप्रिल २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तडजोडींत गूगलनें अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें कबूल केलें. म्हणजे ही खिडकी जगापासून झांकीत नाहीं. ती झांकते घरांतल्या माणसांपासून. हा तिचा दोष नव्हे, हाच तिचा उपयोग आहे.

समजा, खोपोलीच्या एखाद्या वाड्यांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. एका फोनवर सासूबाई भजनें ऐकतात, नातू अभ्यास करतो, आणि रात्रीं माजघरांतील दिवा मालवल्यावर थोरली सून त्याच फोनवर एक प्रश्न विचारते. तो प्रश्न तिच्या शरीराचा असेल, मनाचा असेल, माहेरच्या अडचणीचा असेल. चौकांत बोलतां येत असता तर तिनें फोनला विचारलाच नसता. सकाळीं कोणी वडील माणूस सहज म्हणून त्या फोनमधील मागील पानें चाळतो, आणि जेवतांना त्यावर थट्टा होते. त्या दिवसापासून ती सून काय करील? ती जाहिरातींत पाहिलेलें पहिलें फुकट व्हीपीएन उतरवून घेईल. कुलूप लावतें म्हणून सांगणारें कोणतेंहि ॲप घेईल. आणि जें घरच्यांपासून जपावयाचें होतें तें हाँगकाँगच्या किंवा आणखी कोठल्या अनोळखी तापसाच्या ओंजळींत टाकील. तिचा प्रश्न जर दुखण्याचा असेल, तर कदाचित् ती तो विचारणेंच सोडून देईल, आणि वैद्याकडे जाण्याचे महिने निघून जातील. ही हानि कोणत्याहि कंपनीनें केलेली नसते.

पूर्वींच्या कांहीं घरांत सुनेस माहेरून आलेलें पाकीट आधीं वडीलधारे फोडून वाचीत. तें आपण विसरूं नये. परंतु ज्या घरांत तें न फोडतां तिच्या हातीं दिलें जाई, त्या घराचें नांव गांवांत आदरानें घेतलें जाई, हेंहि जुन्या माणसांस आठवत असेल. वडिलांनीं फोनविषयीं हाच नियम पाळावा. लहान मुलांवर नजर ठेवणें हें कर्तव्य आहे. वयांत आलेल्या मुलाच्या, सुनेच्या किंवा वृद्ध आत्याबाईंच्या शोधलेल्या शब्दांवर नजर ठेवणें हें कर्तव्य नव्हे.

राहिला व्यवहार. सर्वसाधारण घरास व्हीपीएनची गरज बहुधा नसते. नोकरीच्या ठिकाणचें असेल तें कचेरीच्या कामापुरतें वापरावें, आणि त्यांतून जाणारें कचेरीस दिसतें हें विसरूं नये. पत्रकार, वकील, परदेशीं हिंडणारा मुलगा यांस स्वतंत्र गरज असेल तर पैसे देऊनच घ्यावें. घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या : याला माझें काय दिसतें, हा कोणाचें मीठ खातो, आणि याच्या दारीं कोणाचा हुकूम चालतो. त्याच्या ग्वाहीची बाहेरच्या तज्ज्ञांनीं किंवा एखाद्या झडतीनें परीक्षा झाली आहे काय, हेंहि पाहावें. परदेशी पत्त्यावरून आपल्याकडील कांहीं बँकांचीं व सरकारी पानें उघडत नाहींत, हेंहि ध्यानांत असावें. ब्राउझर असा निवडावा कीं, जो परक्या चिठ्ठ्या आपण होऊन अडवितो. त्यास जोडावयाचीं उपसाधनें अगदीं मोजकीं ठेवावीं, कारण अवास्टचा व्यापार अशाच उपसाधनांतून चाले. आजारपणाविषयीं शोध करतांना आपल्या खात्यांतून बाहेर पडावें, आणि ठिकाण सांगण्याची परवानगी ज्या ॲपास नको त्यास देऊं नये.

आणि एक गोष्ट पक्की समजावी. आपल्या लोकांची जी लूट आज चालली आहे, ती बहुतेक दूरध्वनीवरून गोड बोलून किंवा पोलिसाचा धाक घालून चालते. 'डिजिटल अटक' म्हणून कायद्यांत कांहीं नाहीं. ओटीपी आपण होऊन सांगितला तर जगांतील कोणतेंहि व्हीपीएन वांचवूं शकत नाहीं. फसवणूक झालीच तर लाजेनें दडवून न ठेवतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत पैसे अडविले जाण्याचा संभव अधिक असतो. लाज वाटून गप्प बसणारा मनुष्य बहुधा घरच्यांच्या बोलण्यास भीत असतो. म्हणून घरच्यांनीं आधीं क्रमांक फिरवावा, आणि बोलावयाचें तें मागाहून बोलावें.